निळ्या ताईताचा अर्ज

तक्रारदार: माझी धाकटी बहीण, राहणार सानपाडा. जाब देणार: मी, अर्जलेखक, शिक्षण आठवी. काळ: नव्वदच्या दशकाची मधली वर्षे. साक्षीदार: बंदरातील एक कारकून. बहिणीने ही तक्रार कधी लिहिली नाही, म्हणून तिच्या वतीने मीच लिहीत आहे.

माझे मेहुणे खलाशी होते. जहाजावरच वारले. त्यांची पेटी न्हावा शेव्याच्या बंदरात उतरली, ती अर्जावाचून मिळणार नव्हती. तीत कपडे, दाढीचे सामान आणि नखाएवढा, डोळ्याच्या आकाराचा निळा ताईत होता. इजिप्तच्या एका बंदरात फेरीवाल्याकडून घेतल्यापासून मरेपर्यंत तो त्यांनी गळ्यातून काढला नव्हता.

बहीण कचेरीबाहेरच्या माझ्या टेबलाशी येऊन बसली.

“दादा, चार ओळी लिही. त्यांच्या गळ्यातला आहे, मला द्या. बस.”

“अर्ज कसा लिहावा हे तू मला शिकवणार?”

“शिकवत नाय रे. भीती वाटते. तू लिहायला बसलास की थांबत नाहीस.”

मी थांबलो नाही. वाळूची भुकटी भाजून, निळी झिलई चढवून केलेल्या अशा वस्तूंना फायान्स म्हणतात आणि प्राचीन इजिप्तचे लोक त्या मृताच्या रक्षणासाठी त्याच्या वस्त्रांत गुंडाळीत, हे मी एका जुन्या मासिकातून टिपून ठेवले होते. ही माहिती आमच्या कचेरीबाहेर बसणाऱ्या दुसऱ्या कोणास असणे शक्य नव्हते. मी दोन पाने टंकली: ‘हजारो वर्षांपूर्वीचा, अमूल्य, पुरातन ठेवा.’

कारकुनाने अर्ज वाचून आपली यादी माझ्यापुढे सरकवली.

“आम्ही ‘निळा मणी, एक’ एवढंच लिहिलं होतं. बाई सही करून घेऊन गेल्या असत्या. आता तुम्हीच पुरातन म्हणून लिहून दिलंत. तपासणीला पाठवावा लागेल.”

पेटी मिळाली. ताईत गेला तो गेलाच. मी स्मरणपत्रे पाठवली, प्रत्येक मागच्यापेक्षा सरस. फेरीवाल्याने तो विकण्याच्या आदल्याच आठवड्यात भट्टीतून काढला असेल, अशी शंका मला पहिले पान टंकतानाही होती.

बहीण एकदाच बोलली. “तुला अर्ज मोठा करायचा होता, दादा.”

रेशनकार्डावरून मेहुण्यांचे नाव कमी करण्याचा अर्ज तिने माझ्या शेजारच्या टेबलावर लिहून घेतला. चार ओळींचा. काम त्याच दिवशी झाले. माझ्याकडे तिने पाहिले नाही.

सबब विनंती की, वरील मजकूर मला मान्य आहे; ताईत मी परत आणू शकत नाही. शिक्षा तक्रारदाराने ठरवावी आणि चार ओळींत का होईना, स्वतःच्या हाताने लिहून कळवावी.