बंदरच्या कापडाची मागची बाजू

सिकंदराबादहून गाडी सुटली तेव्हा मी मंडळाची साडी नेसून ऐटीत बसले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढची फजिती दुसऱ्या कुणी रंगवून सांगायला नको. आमच्या बरकतपुऱ्यातल्या मराठी महिला मंडळात संक्रांतीला सगळ्या जणी एकसारखी साडी नेसतात. यंदा निवड माझ्याकडे होती. तीस वर्षं इतिहास शिकवलेली बाई. मी नामपल्लीतल्या एका दुकानातून चाळीस कलमकारी साड्या उचलल्या आणि हळदीकुंकवाला भाषणही ठोकलं, की ही गोवळकोंड्याच्या बंदरातली हातछपाई, हिच्यासाठी साता समुद्रापलीकडून जहाजं यायची. ते बंदर, म्हणजे मछलीपट्टण, मी स्वतः मात्र कधी पाहिलं नव्हतं.

सकाळी उतरले. इथले लोक गावाला नुसतं ‘बंदर’ म्हणतात. स्टेशनाबाहेर इडली खाल्ली, वर तोक्कुडु लड्डू (कुटून केलेला बेसन-गुळाचा लाडू) खाल्ला आणि रिक्षा करून जुन्या कोटाकडे निघाले. समुद्र आता तिथून लांब गेला आहे. चिखल, खुरटी झुडपं, पडक्या भिंती. एके काळी इथे सुलतानाचे अंमलदार होते, मग डच आले, इंग्रज आले, मधे फ्रेंच येऊन गेले. किनारा उथळ, म्हणून मोठी जहाजं दूर उभी राहायची आणि कापडाचे गठ्ठे होड्यांतून जायचे. पुढे गाळ साचला, एका तुफानात समुद्र गावात शिरला, आणि व्यापार दुसरीकडे गेला. आता किनाऱ्यावर नवं बंदर बांधताहेत. रिक्षावाल्याने लांबच्या क्रेन कौतुकाने दाखवल्या.

डचांच्या थडग्यांवर मात्र काय नक्षी! अक्षरं अजून लागतात. शेजारच्या फलकावर कोण आला, कोणी कोणाला हरवलं, सगळं लिहिलेलं. ज्याच्यासाठी हे सगळे इथे येऊन मेले ते कापड छापलं कोणी, याबद्दल एक ओळ नाही. मला भयंकर राग आला. मग आठवलं, मीही तीस वर्षं वर्गात हेच शिकवलं होतं. परदेशी आले, कापड घेऊन गेले, पुढचा धडा उघडा.

त्याच रागात बस पकडून पेडनाला गेले. छापणाऱ्यांचं गाव ते. कालव्याकाठच्या एका शेडमध्ये वेंकटरत्नम नावाचे सत्तरीचे गृहस्थ छापत होते. सहा टेबलं, त्यांतलं एकच चालू. त्यांनी मज्जिग (ताक) दिलं आणि काम दाखवलं. कापड करक्काय (हिरडा) आणि म्हशीच्या दुधात भिजवायचं, सुकवायचं, लाकडी ठशाने छापायचं, कालव्याच्या वाहत्या पाण्यात धुवायचं, मग तांब्याच्या कढईत रंगात उकळायचं. माझ्या मोडक्या तेलुगूत मी अभिमानाने सांगितलं, की आमच्या चाळीस जणींकडे तुमच्या बंदरच्या साड्या आहेत, ही काय नेसलेय.

त्यांनी साडीला हात लावला नाही. एवढंच म्हणाले, “अम्मा, पदर जरा उलटा करा.”

मी केला. मागून पदर जवळजवळ पांढरा होता. त्यांनी स्वतःचं कापड शेजारी उलटं पसरलं. त्याच्या दोन्ही बाजू रंगलेल्या.

“आमचा रंग कापडात मुरतो, हा यंत्राने वरून बसवलाय. आणि दोन ठशांच्या जोडाशी कुठेतरी आमचा हात चुकतोच. तुमच्या साडीत एक चूक नाही.”

ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. उलट त्यांनी कोपऱ्यातली ठशांची पेटी दाखवली. काही ठसे आजोबांच्या हातचे. शुक्रवारी हैदराबादचा एक माणूस पेटी घेऊन जाणार होता, हॉटेलच्या भिंतींवर लावायला. खऱ्या कापडाला मागणी नाही, मग ठसे ठेवून करायचं काय, असं त्यांचं म्हणणं.

मंगळवारी परतले ती स्टेशनवरून थेट नामपल्लीला. दुकानदारासमोर पदर उलटा केला. तो शांतपणे म्हणाला, “उल्टी बाजू कौन देखता, अम्मा? पैन्ते तो सीधीच ना?” अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण उलटी बाजू मीच तरी कुठे पाहिली होती?

बुधवारी मंडळाच्या बैठकीत मी प्रत्येकीला पदर उलटा करायला लावला. पेटीचंही सांगितलं. अध्यक्षा कमलताई म्हणाल्या, “दिसायला छान आहे ना? मग झालं तर. पुढच्या वर्षी बघू.” आणि सगळ्या पोह्यांकडे वळल्या. ज्या मंडळात आपली भाषा, आपली परंपरा म्हणून दर महिन्याला गळा काढतात, तिथे दुसऱ्याची परंपरा पेटीत भरून चालली याचं कुणाला काही नव्हतं.

घरी येऊन वेंकटरत्नमना फोन लावला. म्हटलं, माझ्यापुरती एक साडी छापा.

“एका साडीसाठी कढई चढत नाही, अम्मा.”

“किती लागतील?”

“वीस तरी.”

“शुक्रवारपर्यंत थांबाल?”

“तोवर पेटी इथेच आहे.”

मी मंडळाची यादी काढली. पहिलंच नाव कमलताईंचं होतं. चष्मा पुसला आणि नंबर फिरवला.