न दिलेली हाळी

७ डिसेंबर, रविवार. काम : सुप्याजवळच्या टेकडीवरचं चकतीचं मैदान खेळून तपासणे, दुपारी अभिप्राय लिहून देणे.

वहीत एवढंच आहे. बाकीचं तेव्हा लिहवलं नाही, ते आता लिहिते.

चकती-गोल्फ खेळते असं बारामतीत सांगितलं की समोरचा आधी हसतो. खेळ साधा आहे. हातानं चकती फेकायची. लांबवर एका खांबाला साखळ्या टांगलेल्या असतात, खाली लोखंडी टोपली असते. साखळ्यांवर आपटून चकती टोपलीत पडली की संपलं. जितक्या कमी फेकींत पडेल तितकं चांगलं. मी शाळेत खेळाची शिक्षिका. पुण्यातल्या एका शिबिरात हा खेळ शिकले, सहा वर्षं झाली, सुटलेला नाही. आपल्या भागात तो येणारं दुसरं कुणी मिळालं नसावं, म्हणून त्या टेकडीच्या मालकांनी मला बोलावलं. वडिलांनी माळावर लावलेली झाडं त्यांनी वाढवली होती, पायथ्याला पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या, आणि झाडीत नऊ टोपल्या बसवल्या होत्या. पुढच्या रविवारी मैदान खुलं करायचं होतं. त्याआधी एका खेळाडूचा सहीनिशी अभिप्राय हवा होता.

मैदान चांगलं होतं, हे आजही म्हणते. पहिली टोपली सरळ उतारावर. चकती सुटली की तरंगत जाते, आपलं वय दहा वर्षांनी कमी झाल्यासारखं वाटतं. तिसरी दोन कडुनिंबांच्या फटीतून. जेमतेम दोन हात फट, फेक जरा कलली की खोडावर. पाचवी चढावर, आणि चढ मुरमाचा. पाय घसरतो, त्यामुळं खांदा फिरवण्याआधी टाच रोवावी लागते. बाजूला घाणेरी माजलेली. तिच्यात माझी एक चकती गेली, काढताना दोन्ही हात ओरबाडले. हे सगळं मी चालता चालता लिहून घेत होते.

दुसऱ्या टोपलीवर एक गोष्ट घडली. तिथं मध्ये उंचवटा आहे, टोपली पलीकडं आणि दिसत नाही. मी चकती उचलली आणि नकळत हाळी दिली. ‘होऽऽ... खाली हाय का कुणीऽऽ!’

मालक मागं होते. त्यांच्याबरोबर मुक्कामाला आलेलं पुण्याचं एक जोडपं होतं, त्यांच्या हातात मोबाईल.

‘मॅडम,’ मालक हसत म्हणाले, ‘मेंढरं वळताय का काय?’

जोडपं खळखळून हसलं. त्यातली बाई म्हणाली, ‘परत करा ना, शूट करायचं राहिलं.’

मी हसले. परत केलं नाही. पुढं कुठंच केलं नाही.

ती हाळी माझ्या तोंडात कुठून आली हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. मी चौथीत जाईपर्यंत आमच्या घरी मेंढरं होती. नंतर वडिलांनी कळंबला ऊस लावला, कळप विकला, आणि आम्ही शेतकरी झालो. पण मेंढरांमागचा एक नियम त्यांनी आम्हा भावंडांना पक्का शिकवला होता. उतारावर फांदी तोडायची असो, धोंडा ढकलायचा असो, नुसता खडा भिरकवायचा असो, आधी हाळी द्यायची. झाडीत खाली कोण आहे ते दिसत नाही. एकदा मी न सांगता बाभळीचा डहाळा खाली सोडला. कुणाला लागला नाही. तरी दुसऱ्या दिवशी मला कळपाबरोबर नेलं नाही, तळावर बसवून ठेवलं. मारलं असतं तर बरं, असं वाटलं होतं.

सातवी टोपली या मैदानातली सगळ्यात देखणी. कड्यासारख्या एका टेपाडावरून फेकायचं. समोर खैर आणि हिवराची दाट झाडी, तिच्यावरून चकती डावीकडं वळवून खालच्या मोकळ्या जागेत उतरवायची. टोपलीचा फक्त वरचा पिवळा पट्टा दिसतो. मधलं काही दिसत नाही. मधून एक पायवाट जाते हे मला माहीत होतं, कारण सकाळीच मी ती ओलांडून आले होते.

जोडप्यानं मोबाईल धरला. हाळी घशापर्यंत आली होती. ‘मेंढरं वळताय का’ आठवलं आणि मी ती गिळली.

फेक सुंदर गेली. झाडीवरून वळली, खाली गेली, आणि ठप्प असा आवाज आला. खोडावर आपटल्याचा नव्हता. मग सरपण पसरल्याचा आवाज.

मी धावत खाली गेले. वाटेवर सत्तरीच्या एक आजी उभ्या होत्या. डोक्यावरची मोळी खाली विखुरलेली. उजवं मनगट त्यांनी डाव्या हातानं दाबून धरलं होतं. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या,

‘माजंच चुकलं बाई. मीच वाटंत आले.’

मालक मागून पोचले. ‘मावशी, किती येळा सांगितलं, खेळ चालू असला की हिकडनं यिऊ नका. वरच्या अंगानं जावा.’

‘वरच्या अंगानं लई लांब पडतंय रं.’

‘लागलं का फार?’ मी विचारलं.

‘न्हाय, न्हाय. खेळा तुमी.’

इथपर्यंत सांगायला तरी जमतं. पुढचं असं की चकती त्यांच्या हातावर आपटून उडाली होती आणि टोपलीपासून पाचसहा पावलांवर पडली होती. खेळाचा नियम असा आहे की चकती माणसाला लागली तरी जिथं पडली तिथूनच पुढं खेळायचं. आजी एका हातानं सरपण गोळा करत होत्या. मी चकती उचलली, पाय रोवले आणि टोपलीत टाकली. साखळ्या वाजल्या. जोडप्यानं टाळ्या वाजवल्या. मी वहीत ‘सातवी : दोन’ लिहिलं. इतक्या कमी फेकी मला त्या दिवशी दुसरीकडं कुठंच लागल्या नव्हत्या. मग मी आजींना मोळी उचलू लागले. त्या डाव्या हातानं ती धरून गेल्या. मी आठव्या टोपलीकडं गेले.

दुपारी मालकांच्या ओसरीवर जेवण झालं. पिठलं, भाकरी, ठेचा. मग मी कागद घेतला आणि एकेका टोपलीबद्दल लिहिलं, गुण दिले. चढ-उतार कसा, झाडांची अडचण खेळाला रंगत आणते की वैताग, नवख्याला जमेल का, चकती हरवण्याची शक्यता किती. सातवीबद्दल लिहिलं, ‘या मैदानाचा मानबिंदू. कोणताही बदल नको.’ त्याखाली ‘सुरक्षितता’ असा रकाना होता. त्यात मी लिहिलं, ‘मधून वस्तीवरच्या लोकांची पायवाट जाते. ती बंद करावी.’

हे वाक्य मी विचार करून लिहिलं. चूक फेकणाऱ्याची होती. कागदावर मी ती वाटेची केली. मैदानाला कमी गुण द्यायचे तर मला माझ्या त्या दोन फेकीही खोट्या म्हणाव्या लागल्या असत्या, आणि ते मला नको होतं. खाली सही केली.

मालक खूश झाले. ‘आता कुणी काय बोलणार न्हाय. मॅडमनी लिवून दिलंय म्हणायचं. उद्या सकाळी डांब रोवतो, तार लावून टाकतो.’

‘वस्तीवरच्यांना दुसरी वाट आहे ना?’

‘हाय की. टेकडीला वळसा मारून.’

मला तो वळसा माहीत होता. येताना स्कूटरवरून त्यालाच वीस मिनिटं लागली होती. मी चहा घेतला आणि निघाले.

बारामतीत घरी पोचल्यावर मुलगी म्हणाली, ‘आई, कसं झालं?’ मी म्हणाले, ‘सातवी दोन फेकींत.’ ती म्हणाली, ‘भारी!’ मी भांडी घासायला घेतली. तवा घासताना लक्षात आलं की आजींना मी साधं ‘चुकलं’ सुद्धा म्हणाले नव्हते. त्यांनी म्हटलं होतं.

सोमवारी सकाळी मुख्याध्यापकांना फोन करून अकरापर्यंतची रजा घेतली आणि सातला टेकडीखालच्या वस्तीवर पोचले. चार घरं. आजी ओट्यावर बसल्या होत्या, मनगट सुजून टम्म, वर हळदीचा लेप. सून चुलीपुढं होती. तिनं मला ओळखलं नाही, आजींनी ओळखलं.

‘काल चकती माझी होती, मावशी. मी आधी हाळी द्यायला पाहिजे होती. चुकलं माझं. डॉक्टरांकडं न्यायला आलेय.’

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. ‘तू कुणाची गं?’

आदल्या दिवशीचं ‘बाई’ आणि ‘तुमी’ गेलं होतं. मी वडिलांचं नाव सांगितलं, कळंब सांगितलं. मेंढरं होती तेही सांगितलं.

‘म्हंजी मेंढरामागं चाललीयास.’

‘हो.’

‘आन् हाळी न्हाय दिलीस?’

सून चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, ‘आत्या, राहू द्या आता.’

‘का राहू द्या? हिला कळतंय. त्या पुण्यावाल्यान्ला काय बोलायचं?’

मग त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, ‘चल, कुठं न्यायची तितं ने.’

सुप्यात डॉक्टरांनी हाड तडकल्याचं सांगितलं. प्लास्टर बांधलं, महिनाभर हात हलवायचा नाही. येताना आजी स्कूटरवर मागं बसल्या होत्या. अर्ध्या वाटेत म्हणाल्या, ‘ती वाट बंद करत्यात व्हय? सून सांगत हुती.’

‘माझ्या लिहिण्यावरून करतायत.’



त्यांना घरी सोडून मी त्याच वाटेनं चढून गेले. मालक तिथंच होते. वाटेच्या दोन्ही तोंडांना खड्डे खणून झाले होते, सिमेंटचे डांब आडवे पडले होते. मी अभिप्रायाचा कागद मागितला. सातवीचे गुण खोडले. सुरक्षिततेच्या रकान्यातलं वाक्य खोडलं आणि लिहिलं, ‘फेकण्याची जागा चुकली आहे. माझी चकती एका बाईंच्या हाताला लागून हाड तडकलं. मी आधी आवाज दिला नव्हता. जागा हलवल्याशिवाय ही टोपली खेळू नये.’ परत सही केली.

मालकांनी दोनदा वाचलं. ‘मॅडम, असं लिवलेलं मी कुणाला दाखवू?’

‘सगळ्यांना.’

‘जागा हलवली तर वरनं फेकायची मजा जातीय. मानबिंदू तुमीच म्हणाला.’

‘म्हणाले. खोटं नव्हतं ते. तरी हलवा.’

‘बघू,’ ते म्हणाले, आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.

त्या ‘बघू’वर मला परत जाववेना. उकरलेली माती खड्ड्यांच्या कडेला होती. मी चपला काढल्या आणि ती पायानं आत लोटू लागले. मालक उभे राहून बघत होते. त्यांनी अडवलं नाही, फावडंही दिलं नाही. चार खड्डे होते. चौथा भरून दाबून झाला तेव्हा साडेदहा वाजले होते, आणि अकराला बारामतीत माझा सातवीच्या वर्गाचा तास होता.