चढावरची टिकटिक

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर हसणारी बाई आहे. बेळगावातल्या एका हायस्कूलमध्ये वीस वर्षं सायन्स शिकवते. वर्गात कुणी भुताचं नाव काढलं की त्याला उभं करते आणि "पुरावा दे" म्हणते. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचतानासुद्धा निम्म्या लोकांना मी मनातल्या मनात उभं केलंय... माफ करा. आता मीच उभी आहे, आणि माझ्याकडे पुरावा नाही.

जागा नीट सांगते. नंदगडहून हलशीकडे निघालं की आमच्या वाडीचा फाटा लागतो. फाट्यापासून वाडी दोन किलोमीटर. आधी भातशेतांतून सपाट रस्ता, मग ओढ्यावरची मोरी, आणि मोरी ओलांडली की दोन्ही बाजूंना काजू आणि अंगावर येणारा चढ. चढ संपला की फणसाचं झाड, तिथून आमची घरं दिसतात. मी राहते बेळगावात, टिळकवाडीत, पण शनिवारी आईकडे गावी जाते. गेल्या वर्षी डॉक्टरांनी शुगरचा रिपोर्ट समोर धरला आणि माझी चांगलीच खरडपट्टी काढली. मग दर रविवारी सकाळी सहाला वाडी ते फाटा आणि परत, असं जॉगिंग सुरू केलं. जॉगिंग म्हणजे काय, नावालाच! चढावर म्हातारी माणसं मला मागं टाकतील.

एके काळी मात्र मी याच रस्त्यावर वाऱ्यासारखी पळायचे. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला होते, तीन हजार मीटरला जिल्ह्यापर्यंत गेलेली. मुलगी एकटी पहाटे पळते, त्यात आमच्याकडे गव्यांचं भय, म्हणून आप्पा, म्हणजे माझे वडील, रोज सायकल घेऊन मागनं यायचे. गवा आलाच तर सायकल काय करणार होती देव जाणे. कधी शेजारी नाही, कधी पुढं नाही, कायम दहा पावलं मागं. सपाटीला पायडल मारत यायचे, तेव्हा आवाज नसायचा. चढाला मात्र ती जुनी जड सायकल त्यांच्यानं ओढायची नाही, मग खाली उतरून ढकलत पळायचे. सायकल नुसती ढकलली की मागचं चाक कसं टिक-टिक-टिक करतं, तुम्ही ऐकलंच असेल. चढभर तो आवाज माझ्या पाठीशी असायचा.

एकदा माझ्या कॉलेजची पोरंपोरी जीपमधनं हलशीला निघाली होती. मी फाट्यावर वळत होते. "सुजाता, बॉडीगार्ड लई भारी हाय गं!" कुणीतरी ओरडलं आणि सगळी जीप खिदळली. घरी येऊन मी आप्पांवर तोंड सोडलं. "उद्यापास्नं माझ्या मागनं येऊ नका तुम्ही. लाज वाटते मला."

ते चहा पीत होते. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बरं."

एवढंच. त्या दिवसापासून आवाज बंद झाला. पुढं पाच महिने मी एकटी पळाले, मग बीएस्सीला बेळगावात आले आणि पळणंच सुटलं. आप्पांना जाऊन चार वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात मी त्यांच्याजवळ बसून पोटभर बोलले, फक्त ते वाक्य मागं घ्यायचं राहिलं. एवढं जुनं काय उकरायचं, असं वाटलं तेव्हा. आता रोज वाटतं, उकरायला पाहिजे होतं.

तर नोव्हेंबरातला रविवार. फाट्याहून परत येत होते. मोरी ओलांडली, धापा टाकत चढाला लागले आणि मागनं टिक-टिक-टिक. कुणीतरी सायकल घेऊन येतंय म्हणून मी बाजूला झाले. कुणी पुढं जाईना. वळून बघितलं तर मोरीपर्यंत रस्ता मोकळा. पुन्हा पळायला लागले, पुन्हा आवाज. खोटं कशाला सांगू, भीती नाही वाटली. पाय आपोआप जोरात पडायला लागले. फणसापाशी आवाज थांबला.

पण मी पडले सायन्सवाली! पुढच्या रविवारी किल्ल्या घरी ठेवल्या, मोबाईल ठेवला, घड्याळ काढलं, बुटाच्या लेससुद्धा आत खोचल्या. सपाटीला काही नाही. मोरी ओलांडली की टिक-टिक सुरू.

तिसऱ्या रविवारी आमच्या वाडीतले भरमाण्णा काका म्हशी घेऊन चढ उतरत होते. काकांना मोतीबिंदू आहे, माणूस आवाजावरनं ओळखतात.

"कोन, सुजी व्हय?"

"व्हय काका."

रस्ता अडवून उभ्या असलेल्या म्हशींतनं कशीबशी वाट काढून मी पुढं आले, तर मागं काका म्हशींना हाकारत होते, "सरा गं बायांनो, सायकल जाऊ द्या." आणि माझ्यासाठी तसूभर न हललेल्या त्या म्हशी खरंच कडेला सरकल्या! मी जागच्या जागी थांबले.

"कुठली सायकल, काका?"

"तुझ्या मागनं ढकलत न्हेतंय की कोनतरी. मला मेल्याला दिसतंय कुठं... आवाज आला."

घरी आले तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. सगळं सांगितलं. मला वाटलं दृष्ट काढायला उठेल. ती भाकरी उलटत म्हणाली, "टिकटिक ऐकू आली व्हय तुला? मग बरं झालं. खांदा तरी वाचला त्यांचा."

"कसला खांदा?"

"तू नगं म्हनलीस, तरी रोज येतच हुते की तुझ्या मागनं. तू लांब गेलीस की निघायचे, फाट्यावरनं वळलीस की भाताआड दडायचे, आन परत येताना तुझ्या मागनं."

"काय तरीच! एकदाबी आवाज आला न्हाई मला."

"कसा येईल? मोरी आली की सायकल खांद्यावर घ्यायचे. चढभर तशीच आनायचे. ह्यो एवढा वळ उठायचा, मी तेल लावायची. म्हनायचे, सुजीला सांगू नगं, कळलं तर पळायचं सोडंल पोर."

मी परसात गेले. तोंडावर पाणी मारत किती वेळ रडले, सांगता येत नाही. पाच महिने. अख्खा चढ. आणि मी एकदाही मागं वळून बघितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी फाट्याहून परतताना मी जीव खाऊन पळत मोरी गाठली आणि चढाला लागले. आवाज नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. त्यानंतर आजपर्यंत एकदाही आलेला नाही.

आवाज का आला, मला माहीत नाही. आईनं सांगितल्यावर का थांबला, तेही माहीत नाही. मनाचे खेळ म्हणाल, तर ते मी स्वतःला शंभरदा सांगून झालंय... पण मग काकांनी काय ऐकलं? आणि म्हशी कुणासाठी सरकल्या? कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा. मला खरंच उत्तर सापडलेलं नाही.

मी अजून दर रविवारी जाते. मोरीवर आले की थांबते आणि आजूबाजूच्या शेतात कोण आहे कोण नाही न बघता मोठ्यानं म्हणते, "आप्पा, खाली ठेवा की ती सायकल. येऊ दे आवाज. मला न्हाई लाज वाटत." थोडा वेळ वाट बघते. मग चढाला लागते, अगदी हळू... खांद्यावर सायकल घेऊन येणाऱ्या माणसाला जमेल, एवढं हळू.