मुलगा बघायला सोलापूरच्या बुरुजावर

पूर्वाला मुलगा बघायचा तर सोलापूरच्या किल्ल्यातच, हे मी ठरवलं. पूर्वा माझी भाची. तिचं आधीचं ठरलेलं लग्न मोडलं, कारण त्या मुलाने नोकरी सुटल्याचं लपवलं होतं. तेव्हापासून तिची एकच अट: खोटं नको. आणि पोह्यांच्या बशीपुढे सगळेच गुणी दिसतात, म्हणून मोकळ्यावर भेटायचं!

आम्ही दोघी सकाळच्या एसटीने नातेपुत्याहून निघालो. स्टँडवरून किल्ल्यापर्यंत रिक्षा घ्या आणि पाणी बरोबर ठेवा, सोलापूरचं ऊन कुणाची भीड ठेवत नाही.

बहमनी काळातला हा भुईकोट. बाहेर खंदक, दुहेरी तट, आत बाग आणि बागेच्या कडेला काळ्या दगडाचा भक्कम बुरूज. त्यातल्या जंग्या, म्हणजे बंदुकीची भोकं, नीट बघा. आतल्याला सगळं दिसावं, बाहेरच्याला काही कळू नये, अशी रचना.

होटगीहून मुलगा, महेश, आणि त्याची आई आली होती. माझं बुरूजपुराण ऐकून आई म्हणाली, "बाई, आमी पोरगी बगायला आलोय का बुरूज?"

"दोन्ही बघू की!" म्हणत मी चढायला लागले.

पहिल्याच पायरीशी महेश थांबला. आई घाईने म्हणाली, "पाय मुरगळलाय त्येचा."

"न्हाय आई, पाय बरा हाय. मला उंचावर लई भ्या वाटतं. तुमी जावा, मी हितं बसतो."

मी मनातल्या मनात फुली मारली. आम्ही तिघी वर गेलो. सिद्धेश्वर तलाव आणि मधलं देऊळ बघून मला दर वेळी भरून येतं. पूर्वा मात्र खाली बागेकडे बघत होती. महेश बाकावर आमच्या पिशव्या सांभाळत बसला होता.

नंतर कडक भाकरी आणि शेंगा चटणीवर सगळ्यांनी ताव मारला.

घरी आल्यावर मी म्हटलं, "जाऊ दे गं, दुसरं स्थळ बघू."

"मावशी, होकार कळव."

"अगं, तो पायरीशीच अडला!"

"सांगून अडला ना."

किल्ल्यांचं मला कळतं, माणसांचं बहुधा तिला. मी लगेच होटगीला फोन लावला. होकार ऐकून त्याची आई रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाई, लगीन जमिनीवरच लावायचं न्हवं?"