लंगडा शेकाट्या आणि तलावाची ओहोटी

समुद्राची ओहोटी दिवसातून दोनदा येते. आमच्या नांदेडकडची वर्षातून एकदाच. दिवाळीनंतर कालव्याला पाणी सुटलं की तलाव मागे सरकायला लागतो, काठाचा चिखल उघडा पडतो आणि त्यावर लांब पायांचे पक्षी उतरतात. ते बघायला मी आणि रशीदभाई दरवर्षी जायचो. यंदा एकटाच गेलो.

रशीदभाई घड्याळं दुरुस्त करायचे. काचबिंदूनं नजर गेली. चला म्हटलं तर म्हणाले, येऊन काय चिखल हुंगू? मी निघालो तेव्हा मात्र दारापर्यंत आले. "आपलं लंगडं आलं का, तेवढं बघून या." लंगडं म्हणजे एक शेकाट्या. काळे पंख, तांबडे काडीसारखे पाय, त्यातला एक वाकडा. चार वर्षं तो याच काठावर दिसत होता.

तुम्हाला जायचं असेल तर सकाळची पहिली बिलोली एसटी धरा. नरसीला बस थांबते तेवढ्यात मुरमुऱ्यांची सुशीला खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. मी सवयीनं दोन प्लेट सांगितल्या. दुसरी बांधून घेतली. पुढे तलावाच्या फाट्यावर उतरलात की तिथून ऑटो मिळतो, परतीची वेळ त्याच्याशीच ठरवून ठेवा.

चिखलावर तुतवार शेपटी हलवत फिरत होते, मागे मळगुजांचा थवा चोची खुपसत होता. शेकाटे दूर होते म्हणून मी सरळ पुढे निघालो.

"ओ भाऊ, कुठं तुडवून राहिलात? हरभरा टाकलाय तिथं."

मागे डोक्याला पदर बांधलेल्या एक बाई उभ्या होत्या. पाणी हटेल तसतसं इथले लोक ओल्या गाळात बी फेकत जातात. ना नांगर, ना सरी, त्यामुळे पेरलेलं आणि मोकळं सारखंच दिसतं. इतकी वर्षं मी रशीदभाईंच्या मागे मागे चालायचो, वाट तेच विचारून घ्यायचे. हे मला तेव्हा कळलं. माफी मागितली आणि ती सुशीला त्यांना दिली.

"तुमच्या संगतीचे चाचा न्हाई आले?" त्यांनी विचारलं. मी डोळ्यांचं सांगितलं. त्या कडेची वाट दाखवून कामाला लागल्या.

तीन वाजेपर्यंत दुर्बीण डोळ्याला लावून बसलो. एकूणएक शेकाट्याचे पाय पाहिले. सगळे सरळ. बघितलेलं सांगायला शेजारी कुणी नव्हतं आणि त्या उघड्या काठावर मला फार एकटं वाटलं.

संध्याकाळी नांदेडला उतरून थेट रशीदभाईंकडे गेलो. चहा येण्याआधीच त्यांनी विचारलं. मी म्हणालो, दिसलं.

"कुठल्या पायानं लंगडत होतं?"

"उजव्या."

हातातल्या बंद घड्याळाला ते चावी देत राहिले. "डावा हाय त्याचा," ते म्हणाले. "चार वर्षं संगं बघितलं आपण."

खरंच मला पाय आठवत नव्हता. बघायचे ते, मी नुसता सोबतीला असायचो.

"पुढच्या साली मी येतो," रशीदभाई म्हणाले. "वाट मला पाठ हाय. तुम्ही पाखरं सांगा. पण हायत तेवढीच सांगा."