माझ्या वावरातली रेती

वैनगंगेचा पूर ओसरला तेव्हा आमच्या धानाच्या बांध्या दिसतच नव्हत्या. सगळीकडे रेती. बांध्यांच्या कडेचे मातीचे धुरे वाहून गेले होते. रेती काढायला आणि धुरे पुन्हा घालायला सरकारने तातडीची मदत जाहीर केली, आणि गावात पंचनामे सुरू झाले.

मोठे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणाले, "तुमी कायले येता? तुमचं मी पाहून घेतो." नवरा मान हलवून मोकळा झाला. मी डोक्यावरचा पदर सावरत दाराआड उभी. लग्न झाल्यापासून भासऱ्यांसमोर मी तोंड उघडलं नव्हतं. आमच्या घरची रीतच तशी.

मदत आली ती त्यांच्या खात्यात. त्यांचं वावर वर, रोडला लागून. तिथे पुराचं पाणी चढलंच नव्हतं. त्यांनी पंचनाम्याच्या माणसांना आमच्या रेतीवर उभं केलं आणि ते आपलं वावर म्हणून सांगितलं. आम्हाला काहीच नाही.

"जाऊ दे, मोठा भाऊ आहे," नवरा म्हणाला. मी जाऊ दिलं नाही, फक्त गप्प राहिले. हिवाळाभर घमेल्याने रेती उपसली. प्रत्येक घमेलं टाकताना त्यांचा चेहरा डोळ्यांसमोर आणत होते. त्याने हाताला जोर यायचा.

उन्हाळ्यात मी नवीन धुऱ्यावर माती चोपत असताना जीप थांबली. झालेलं काम तपासायला साहेब आले होते, आणि पुढे भासरे. माझ्या धुऱ्याकडे हात करून ते म्हणाले, "पाहा साहेब, कसं काम करून घेतलं!"

मी फावडं खाली ठेवलं.

"साहेब, हे वावर आमचं आहे. त्याइचं तिकडं रोडवर आहे."

भासरे हसले. "बाईमाणूस आहे साहेब, तिले काय समजते."

मी पदर मागे सारला आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ त्यांच्याकडे पाहिलं. "भाऊजी, एवढी रेती काढली न तुमी? मंग टाकली कोठी, ते सांगा."

त्यांनी नदीकडे बोट दाखवलं. रेतीचा ढीग मागच्या बाभळीखाली होता. मी साहेबांना तिथे नेलं, मग रोडवरच्या वावरात. तिथला धुरा जागचा हललाच नव्हता, त्यावर जुनी जाडजूड झाडं उभी होती. साहेबांनी मोबाइलवर गट नंबर पाहिला आणि भासऱ्यांना जीपमध्ये बसायला सांगितलं.

भासऱ्यांना वसुलीची नोटीस आली तेव्हा ते आमच्या ओसरीवर आले. नवऱ्याला म्हणाले, "तिले सांग, चुकीनं बोलली म्हणून लिहून दे. घरची इज्जत चालली."

मी बाहेर आले. "मलेच सांगा. मी इथंच आहो."

"पोरी, माफ कर."

"नाही करत."

ते उन्हातून आले होते. मी बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. नवरा माठाकडे वळला, त्यालाही थांबवलं. ते गेल्यावर मी चहा मांडला आणि बऱ्याच दिवसांनी मला तो गोड लागला.

त्यांना सगळी रक्कम परत भरावी लागली. आमचा पंचनामा नव्याने झाला, मदतही आली. मोठी जाऊ मात्र आता बोलत नाही. मोहाडीच्या बाजारात दिसली की तोंड फिरवते, तेव्हा वाईट वाटतं, कारण ती चांगली बाई आहे. भासरे समोर आले की रस्ता बदलतात. मी मुद्दाम थांबते आणि ते दिसेनासे होईपर्यंत पाहत राहते.