किल्लेदारांनी पुसलेले पासवर्ड

वसाहतीत त्यांना सगळे किल्लेदार म्हणत. हे नाव लोकांनी आदरापोटी दिले, असे त्यांचे म्हणणे. त्याला दुसऱ्या कोणाकडूनही दुजोरा मिळालेला नाही. निवृत्तीनंतर वसाहतीच्या वायफायची देखभाल त्यांनी आपणहून अंगावर घेतली आणि तेव्हापासून त्यांच्या चालण्याला एक सरकारी वजन आले.

हे वायफाय एका डब्यावर चालणारे नव्हते. जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकेक पांढरी डबी होती आणि या डब्या एकमेकींचा हात धरून पार वरच्या मजल्यापर्यंत इंटरनेट पोचवत. अशा जाळ्याला मेश म्हणतात; त्यात एखादी डबी बंद असली, तरी बाकीच्या तिला वळसा घालून काम चालवतात. कोणत्याही डबीच्या सेटिंगमध्ये शिरायचे, तर तिचा स्वतंत्र पासवर्ड लागे. ते सगळे पासवर्ड कार्यालयातल्या संगणकाने साठवून ठेवलेले असल्यामुळे किल्लेदारांनी एक बटण दाबले की काम होई. पण त्याआधी ते जवळ उभ्या असलेल्यांना बजावत, "जरा तिकडे तोंड करा." मग कीबोर्डवर तळहात आडवा धरून बराच वेळ खटखट करत. ही खटखट निव्वळ शोभेची होती. पासवर्ड ते स्वतः केव्हाच विसरले होते.

या सत्तेचा एक कोपरा घरातही होता. बायकोच्या आणि मेहुणीच्या फोनवरच्या गप्पांना आळा बसावा म्हणून, आपल्या मजल्यावरची डबी रोज संध्याकाळी बंद व्हावी अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली होती. बायकोने मागायचे, त्यांनी थोडे आढेवेढे घ्यायचे आणि मग कार्यालयात जाऊन ती उघडून द्यायची, असा शिरस्ता. बायकोला वाटे, डबीच नादुरुस्त आहे.

एके दिवशी वसाहतीचे अध्यक्ष म्हणाले, "किल्लेदार, आता तुम्ही आराम करा. माझी भाची हेच काम करते. सोमवारी येईल, तिला सगळं समजावून द्या."

"ते समजावून देण्यासारखं नाही. अंगातच असावं लागतं."

"असेल. तरी सोमवारी या."

'आराम' हा शब्द किल्लेदारांच्या जिव्हारी लागला. रविवारी दुपारी ते कार्यालयात गेले, दार लावून घेतले आणि एकेका डबीचा साठवलेला पासवर्ड काढून टाकला. संध्याकाळपर्यंत सगळे जाळे कोलमडेल, लोक फोन हातात घेऊन आपल्या दाराशी उभे राहतील आणि त्यांत अध्यक्ष सर्वांत पुढे असतील, हा त्यांचा हिशोब. घरी येऊन त्यांनी इस्त्रीचा शर्ट चढवला आणि बाहेर जास्तीच्या खुर्च्या मांडायला सांगितल्या.

"कोण येणार आहे?" बायकोने विचारले.

"सगळे."

कोणीही आले नाही. काढून टाकलेले पासवर्ड फक्त सेटिंगमध्ये शिरण्यासाठी होते. डब्यांना आपापसात बोलायला त्यांची गरज नव्हती. इतकी वर्षे ज्या जाळ्याचे आपण प्राण आहोत असे किल्लेदार मानत आले, त्याला त्यांच्या जाण्याची खबरही लागली नाही. शेवटी त्यांनीच खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना हटकले.

"नेट कसं चाललंय?"

"झकास. आज काही केलंत का तुम्ही?"

श्रेय समोर चालून आलेले असताना किल्लेदारांची जीभ वळली नाही, असा हा एकमेव ज्ञात प्रसंग.

घरात शिरतात तो बायको म्हणाली, "अहो, ताईशी बोलत होते, नेहमीसारखं मधेच गेलं. तेवढं चालू करून द्या."

किल्लेदार कार्यालयात जाऊन आले. संगणकाने त्यांच्याकडे पासवर्ड मागितला होता.

"सगळ्या वसाहतीतच बंद आहे," ते म्हणाले.

वरच्या मजल्यावर कोणीतरी व्हिडिओ बघत खदखदून हसले. बायकोने एकदा छताकडे पाहिले, एकदा नवऱ्याकडे आणि बाहेरच्या खुर्च्या एकेक करून आत आणल्या.

सोमवारी भाची आली. संगणक उघडून तिने विचारले, "काका, साठवलेले पासवर्ड कोणी काढले?"

"मीच. जुने ठेवणं धोक्याचं असतं."

"बरं झालं. नाहीतर मलाच एकेक काढत बसावं लागलं असतं. आता प्रत्येक डबी मुळापासून नव्याने लावते. पिन आहे का कोणाकडे?"

किल्लेदारांच्या बायकोने केसांतली पिन काढून दिली. "आमच्या मजल्यापासून सुरुवात कर गं. ती रोज संध्याकाळी बंद पडते."

"बंद पडत नाही, काकू. कोणीतरी वेळ लावून ठेवली असेल. डबी नव्याने लावली की ती वेळ पुसली जाईल."

किल्लेदार जिन्याचा कठडा निरखू लागले.

भाचीने डबीच्या बारीक भोकात पिन खुपसून धरली. दिवा विझला, पुन्हा लागला. नवा पासवर्ड घालण्यासाठी तिने फोन हातात घेतला आणि अदबीने म्हणाली, "काका, जरा तिकडे तोंड करता?"

किल्लेदारांनी भिंतीकडे तोंड केले.

काकूंना तसे कोणी सांगितले नाही. त्या भाचीच्या खांद्यावरून वाकून, एकेक अक्षर नीट पाहत होत्या.